आरएनएचं पाचवं अक्षर

आजच्या भागाचा हा लेखी मजकूर. लोकलमध्ये रेंज गेली म्हणून भाग अर्ध्यावर सुटला असेल, तर इथे निवांत वाचून काढा. बोलताना राहून गेलेल्या एक-दोन गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.

शाळेत आपण सगळ्यांनी एक वाक्य पाठ केलंय: आरएनएमध्ये चार अक्षरं असतात, ए, यू, जी आणि सी. परीक्षेत एक मार्क पक्का! मला आज या वाक्याबद्दलच बोलायचंय. कारण ते अपुरं आहे, आणि ते अपुरं आहे हे १९५१ पासून दिसत आलंय. पेशी या चार अक्षरांवर नंतर रासायनिक कारागिरी करते. कुठे एखादा मिथाइल गट चिकटवते, कुठे एखादं अक्षर उलटं टांगते. अशा बदललेल्या अक्षरांच्या १७० हून जास्त जाती आजवर नोंदल्या गेल्यात. तरी आपल्या डोक्यात चारच राहिली. का राहिली? माझं म्हणणं असं, की आरएनए वाचायची आपली सगळ्यात लाडकी पद्धतच ही जादाची अक्षरं पुसून टाकत होती. त्यामुळे आजची गोष्ट जितकी आरएनएची, तितकीच अवजारांची आहे.

आधी थोडी उजळणी. डीएनए ही मूळ पोथी, ती पेशीच्या केंद्रकात कुलूपबंद. प्रथिन बनवायचं असलं की हव्या त्या पानाची नक्कल निघते. ही नक्कल म्हणजे मेसेंजर आरएनए, थोडक्यात एमआरएनए. ती रायबोसोम नावाचा कारखाना वाचतो. आणि एकेक अमिनो आम्ल पाठीवर घेऊन कारखान्यात येणारे छोटे हमाल असतात, ते ट्रान्सफर आरएनए, म्हणजे टीआरएनए. रायबोसोमचाही मोठा भाग आरएनएचाच असतो. पेशीतल्या एकूण आरएनएत सगळ्यात मोठा वाटा या रायबोसोमच्या आरएनएचा, एमआरएनए जेमतेम काही टक्के. हे प्रमाण ध्यानात ठेवा, पुढे त्यावरून बराच घोळ होणार आहे.

आता चला अमेरिकेत, टेनेसी राज्यातल्या ओक रिजला. हे गाव दुसऱ्या महायुद्धात अणुबॉम्बच्या मॅनहॅटन प्रकल्पासाठी गुपचूप वसवलेलं. तिथे वॉल्डो कोहन नावाचे जीवरसायनशास्त्रज्ञ होते. माणूस हौशी. चेलो वाजवायचे, आणि त्या गुप्त गावात त्यांनी चक्क वाद्यवृंद उभा केला. त्यांचं काम मात्र किचकट होतं. अणुभट्टीत युरेनियमचे तुकडे पडले की कितीतरी किरणोत्सारी मूलद्रव्यांची खिचडी तयार होते, ती निवडायची. त्यासाठी ओक रिजमध्ये आयन एक्स्चेंजची पद्धत कसाला लागली. काचेची उभी नळी, तिच्यात रेझिनचे बारीक मणी. वरून मिश्रण ओतायचं. प्रत्येक पदार्थाचा विद्युतभार वेगळा, त्यामुळे कुणी मण्यांना घट्ट धरून बसतो, कुणी सैल. मग वरून द्राव सोडत राहिलं की एकेक जण आपापल्या वेळेला खाली टपकतो. तुमच्या सोसायटीत बोअरच्या पाण्यासाठी सॉफ्टनर बसवला असेल तर तत्त्व तेच.

युद्ध संपल्यावर कोहन यांनी याच नळीत आरएनएचे तुकडे ओतले. आरएनएच्या अक्षरांवरही विद्युतभार असतोच की! अक्षरं छान सुटी होऊन बाहेर पडू लागली. आणि १९५१ मध्ये, एलियट व्होल्किन यांच्याबरोबर काम करताना, नेहमीच्या चार अक्षरांपलीकडचं काहीतरी बाहेर आलं. आलेखावर एक छोटासा जादा उंचवटा. तो कशाचा, ते तेव्हा कळलं नाही.

असे उंचवटे प्रयोगशाळेत रोज दिसतात, आणि बहुतेक वेळा ती घाण असते. पण १९५७ मध्ये फ्रँक डेव्हिस आणि फ्रँक अ‍ॅलन यांनी यीस्टचा आरएनए कागदावर, पेपर क्रोमॅटोग्राफीने, वेगळा केला आणि शोधनिबंधाच्या मथळ्यातच 'पाचवा न्यूक्लिओटाइड' असं लिहून टाकलं. पुढच्या दोन-तीन वर्षांत त्याची रचना उलगडली. ती मजेशीर होती. अणू सगळे यू या अक्षराचेच, संख्या तीच, वजन तेच. फक्त साखरेला जोडलेलं टोक वेगळं. एरवी यू नायट्रोजनच्या टोकाने साखरेला धरतो, इथे कार्बनच्या. सदरा तोच, गुंडी दुसऱ्या काजात! नाव पडलं स्यूडोयुरिडिन. मराठीत सांगायचं तर तोतया युरिडिन. पानिपतानंतर निघालेल्या भाऊसाहेबांच्या तोतयासारखा, लांबून बघितलं तर ओळखू न येणारा. हा तोतया लक्षात असू द्या. साठ-पासष्ट वर्षांनी त्याचाच एक भाऊबंद कोट्यवधी लोकांच्या दंडात जाणार आहे.

पुढचा मुक्काम न्यूयॉर्क राज्यातलं कॉर्नेल विद्यापीठ. इथे रॉबर्ट हॉली एका टीआरएनएची अक्षरं क्रमाने वाचायच्या मागे लागले होते. तोवर जगात कुणीही कुठलाच आरएनए किंवा डीएनए अथपासून इतिपर्यंत वाचलेला नव्हता. वाचायचं यंत्रही नव्हतं. तेव्हा हॉलींच्या गटाने सुमारे १४० किलो यीस्ट घेतलं. हो, पाव फुगवतात तेच. त्यातून अ‍ॅलनीन हे अमिनो आम्ल वाहणारा टीआरएनए गाळत गाळत शेवटी हाती आला १ ग्रॅम. मग तो एन्झाइमने कापायचा, तुकडे ओळखायचे, दुसऱ्या एन्झाइमने वेगळ्या जागी कापायचा, पुन्हा ओळखायचे, आणि तुकड्यांची टोकं एकमेकांवर बसवत मूळ क्रम लावायचा. १९६५ मध्ये ७७ अक्षरांचा क्रम छापून आला.

या कोड्यात सगळ्यात मोठी मदत जादाच्या अक्षरांनी केली. विचार करा, चारच अक्षरं असती तर बारीक तुकडे सगळे सारखेच दिसले असते. पण मध्येच एखादा तोतया युरिडिन, एखादा मिथाइल लागलेला जी, एखादा इनोसिन असे विरळा दगड होते. त्यांच्यावरून कुठला तुकडा कुठे बसतो हे लावता आलं. म्हणजे पहिला आरएनए वाचला गेला तोच मुळी बदललेल्या अक्षरांच्या खुणेवरून. पाठ्यपुस्तकात हॉलींचं नाव असतं, हा तपशील सहसा नसतो. मला तो फार आवडतो.

त्यातला इनोसिन तर थेट कामाच्या जागी बसलेला निघाला, एमआरएनएची तीन अक्षरं जिथे वाचली जातात तिथे. इनोसिन म्हणजे पेशीने थोडी मोडतोड केलेला ए. तो यू, सी आणि ए अशा तिघांशी जोडी जमवू शकतो. फ्रान्सिस क्रिक यांनी १९६६ मध्ये याचं गणित मांडलं. अ‍ॅलनीनसाठी असलेले जीसीयू, जीसीसी आणि जीसीए हे तिन्ही शब्द एकच हमाल वाचू शकतो, ते या एका बदललेल्या अक्षरामुळे. म्हणजे ही अक्षरं नुसती सजावट नव्हती.

१९६८ चं नोबेल हॉली, मार्शल नीरेनबर्ग आणि आपले हरगोविंद खुराना यांना मिळून मिळालं. खुराना यांनी पुढे १९७० मध्ये एक जनुक प्रयोगशाळेत संपूर्ण बनवल्याचं जाहीर केलं, जगातलं पहिलं. कुठलं जनुक? हॉलींच्या याच टीआरएनएचं. अफाट काम होतं. पण गंमत बघा, त्या जनुकात चारच अक्षरं आहेत. इनोसिन नाही, स्यूडोयुरिडिन नाही. डीएनएच्या पोथीत ही जादाची अक्षरं लिहिलेलीच नसतात. आरएनए तयार झाल्यावर पेशीतले एन्झाइम ती घडवतात. त्यामुळे पोथी कितीही बारकाईने वाचली तरी कुठल्या आरएनएवर कुठे काय खूण आहे, हे तिच्यावरून थेट वाचता येत नाही.

हे झालं टीआरएनएचं. एमआरएनएचं काय? अशा खुणा एमआरएनएवर असतात का, हे शोधणं भलतंच अवघड होतं. मघाशी म्हटलं तसं एमआरएनए काही टक्केच, आणि रायबोसोमच्या आरएनएवर तर खुणांची रेलचेल. जराशी भेसळ झाली की रायबोसोमची खूण एमआरएनएच्या नावावर खपायची. १९७४ मध्ये दोन गटांनी हे जमवलं. मिशिगनमध्ये फ्रिट्झ रॉटमन यांचे सहकारी रोनाल्ड डेरोझिए आणि कॅरन फ्रिडेरिसी, आणि फिलाडेल्फियात रॉबर्ट पेरी व डॉन केली. युक्ती अशी. पेशींना किरणोत्सारी मिथाइल गट असलेलं मेथिओनीन खाऊ घालायचं. पेशी जिथे जिथे मिथाइल चिकटवील तिथे किरणोत्सार दिसेल. मग एमआरएनएला मागे जी ए ए ए ए अशी लांब शेपूट असते, तिला गळ लावून एमआरएनए तेवढा ओढून काढायचा. अशा दोनदा गाळलेल्या आरएनएवरही मिथाइल सापडले. सगळ्यात जास्त एकाच जातीचे: ए च्या सहाव्या जागेवर मिथाइल. याला एम-सिक्स-ए म्हणतात. सरासरी काढली तर एका एमआरएनएवर साधारण तीन.

लगेच पुढच्या वर्षी, १९७५ मध्ये, एमआरएनएच्या डोक्यावरची टोपी सापडली, तीही मिथाइल लागलेली. अ‍ॅरन शॅटकिन आणि यासुहिरो फुरुइची यांचं त्यात मोठं काम आहे. टोपी काय करते हे लवकर कळलं: ती आरएनएला कुरतडण्यापासून वाचवते, रायबोसोमला पकडायला जागा देते. टोपी पाठ्यपुस्तकात गेली. एम-सिक्स-ए मात्र अडगळीत पडला.

का? कारण टोपीचा पत्ता ठाऊक होता, डोक्यावर. एम-सिक्स-ए चा पत्ताच नव्हता. तेव्हाच्या पद्धतीत आरएनए पार भुगा करून अक्षरं मोजायचे. समजा, एखाद्या ग्रंथातली सगळी अक्षरं सुटी करून पोत्यात भरली आणि तुम्हाला सांगितलं की यात चाळीस अनुस्वार आहेत. बरं मग? ते कुठल्या शब्दावर होते? पत्ता काढायचा तर एकाच जातीचा आरएनए भरपूर हवा. तसा तो मोजक्या ठिकाणी मिळाला: कोंबड्यांना कर्करोग करणाऱ्या राऊस सार्कोमा विषाणूत, आणि गायीच्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकाच्या एमआरएनएत. तिथे जागा सापडल्या. बाकी हजारो जनुकांचं काय, याला उत्तर नव्हतं.

आणि त्याच काळात सगळी दुनिया वेगळ्याच वाटेने निघाली. १९७० मध्ये हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी स्वतंत्रपणे एक एन्झाइम शोधून काढलं होतं, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज. ते आरएनएवरून उलट डीएनए बनवतं. डीएनए टिकाऊ, त्याच्या हव्या तेवढ्या प्रती काढता येतात, तो वाचायची यंत्रं दर दशकात स्वस्त होत गेली. त्यामुळे आरएनए वाचायचा म्हणजे आधी त्याचा डीएनए करायचा, हा शिरस्ताच पडला. कोविडच्या काळात नाकात काडी घालून केलेली आरटी-पीसीआर आठवते? त्यातलं आरटी ते हेच.

आता यात काय हरवतं ते समजून घ्यायला मोडी लिपी आठवा. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळत नाहीत. समजा, मी देवनागरीत 'दिन' आणि 'दीन' असे दोन शब्द लिहिले. कुणीतरी ते मोडीत उतरवले. दोन्ही सारखेच झाले. आता ती मोडी पुन्हा देवनागरीत आणली तर कुठला दिवस आणि कुठला गरीब, हे कसं सांगणार? मूळ कागद फाडून टाकलेला. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज एम-सिक्स-ए बरोबर हेच करतं. त्याला तो साधा ए च वाटतो, तो समोर टी लिहून पुढे जातो. खूण गेली. आणि त्या डीएनएची अब्जावधी वेळा अचूक नक्कल काढली तरी ती परत येत नाही.

म्हणून मग १९८० ते २०१० या काळात जनुकशास्त्रात एवढी क्रांती झाली, मानवी जीनोम वाचून झाला, पण एमआरएनएवरच्या खुणांच्या संशोधनात जवळपास शुकशुकाट होता. शास्त्रज्ञांचं दुर्लक्ष झालं, असं म्हणणं सोपं आहे. पण जे यंत्रात दिसत नाही त्यावर प्रकल्प लिहायचा कसा आणि पैसे मागायचे कसे? मला यात कुणाचा आळस दिसत नाही. चिकाटी मात्र दिसते ती रॉटमन यांची. १९७४ नंतर वीस-बावीस वर्षं ते आणि त्यांचे सहकारी, विशेषतः जोसेफ बोकार, ही खूण चिकटवणारं एन्झाइम शोधत राहिले. १९९७ मध्ये त्याचं जनुक हाती लागलं. आज त्याला मेटल-थ्री म्हणतात. त्या वेळी त्याची फारशी वाच्यता झाली नाही.

मग अनपेक्षित दिशेने दार उघडलं. २००७ मध्ये लठ्ठपणाच्या एका मोठ्या आनुवंशिक पाहणीत एफटीओ नावाच्या जनुकावर बोट ठेवलं गेलं. त्यातला विशिष्ट फरक आई-बाप दोघांकडून आलेल्या लोकांचं वजन सरासरी ३ किलो जास्त निघालं. हे जनुक करतं काय? २०११ मध्ये शिकागो विद्यापीठात च्वान ह यांच्या गटाने दाखवलं, की एफटीओचं एन्झाइम आरएनएवरचा एम-सिक्स-ए पुसतं. लिहिणारा होता, आता खोडणाराही मिळाला. म्हणजे ही खूण पेशी लावते आणि काढतेही. वीजबटणासारखी असेल का? या एका प्रश्नाने अडगळीतलं दालन पुन्हा गजबजलं.

इथे एक कानमंत्र, कारण याच्या बातम्या फार उत्साहाने छापल्या गेल्या होत्या. 'लठ्ठपणाचं जनुक आरएनए खोडतं' ही साखळी दिसते तितकी सरळ नाही. २०१४ मध्ये त्याच शिकागो विद्यापीठातल्या दुसऱ्या गटाने दाखवलं की वजनाशी संबंध असलेला तो डीएनएचा तुकडा एफटीओच्या आत असला तरी तो नियंत्रण करतो लांबच्या दुसऱ्याच जनुकाचं. एम-सिक्स-ए चा शोध खरा, पण ज्या आशेवर तो लोकप्रिय झाला ती आशा बरीचशी निसटली. विज्ञानात असं पुष्कळदा होतं.

पत्त्याचा प्रश्न २०१२ मध्ये सुटला, तोही एकाच वर्षात दोन ठिकाणी. इस्रायलमध्ये गिडियन रेखावी यांच्या गटात डॅन डॉमिनिसिनी, आणि न्यूयॉर्कमध्ये सॅमी जॅफ्री यांच्या गटात केट मेयर. कल्पना साधी. एम-सिक्स-ए ला पकडणारी अँटीबॉडी घ्यायची. आरएनए साधारण शंभर-शंभर अक्षरांच्या तुकड्यांत कापायचा. अँटीबॉडीला जे तुकडे चिकटतील तेवढे वाचायचे, ते कुठल्या जनुकातले ते बघायचं. नक्कल करताना खूण गेली तरी चालेल, कारण निवड आधीच झालेली असते. इस्रायलच्या गटाला माणसाच्या ७,००० हून जास्त जनुकांच्या आरएनएवर १२,००० हून जास्त जागा दिसल्या. आणि त्या वाटेल तिथे विखुरलेल्या नव्हत्या. प्रथिनाचा मजकूर जिथे संपतो त्या पूर्णविरामाच्या आसपास त्यांची दाटी होती. एवढी शिस्त म्हणजे काहीतरी काम असणार. पुढे कळलं की या खुणा बऱ्याच वेळा तो आरएनए किती वेळ जगणार हे ठरवतात. २०२१ मध्ये मेटल-थ्रीला अडवणाऱ्या औषधी रेणूने उंदरांमधला रक्ताचा कर्करोग आटोक्यात आणल्याचंही प्रसिद्ध झालं.

पण अँटीबॉडीवर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही, हेही लवकरच कळलं. २०१६ मध्ये एम-वन-ए नावाची दुसरी खूण एमआरएनएवर मोठ्या प्रमाणात सापडल्याचे निबंध आले. नामांकित गट, नामांकित नियतकालिकं. पुढच्याच वर्षी जास्त बारीक पद्धत वापरून दुसऱ्या गटाने बघितलं तर एमआरएनएवर अशा जागा अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या! मग कळलं की ती अँटीबॉडी एमआरएनएच्या डोक्यावरच्या टोपीलाही चिकटत होती. टोपी तर बहुतेक सगळ्यांनाच असते. खूण दिसली ती अँटीबॉडीच्या चुकीमुळे. या वादाचा पूर्ण निकाल सगळ्यांना मान्य होईल असा लागलाय, असंही मी म्हणणार नाही.

तोतया युरिडिनची पंचाईत तर आणखी मोठी. वजन यू एवढंच, म्हणून साध्या वजनकाट्यावर, म्हणजे मास स्पेक्ट्रोमेट्रीवर, तो कळत नाही. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजलाही तो यू वाटतो. त्यावर तोडगा १९९३ मध्ये बाकिन आणि ऑफेनगँड यांनी काढला. सीएमसी नावाचं रसायन घातलं की ते तोतयाला असं चिकटतं की सहजी सुटत नाही, बाकीच्या अक्षरांवरून ते धुऊन काढता येतं. आता नक्कल करणारं एन्झाइम त्या ढेकळाला अडखळतं आणि थांबतं. जिथे नक्कल तुटली, तिच्या शेजारी तोतया! ज्या एन्झाइमने खुणा पुसल्या, त्याच्याच ठेच लागण्याचा पुरावा करून घेतला. २०१४ मध्ये वेंडी गिल्बर्ट यांच्या आणि इतर गटांनी हीच युक्ती नव्या यंत्रांवर चालवून एमआरएनएवरही शेकडो ठिकाणी तोतया असल्याचं सांगितलं. फक्त एक अडचण: वेगवेगळ्या गटांच्या याद्या समोरासमोर ठेवल्या तर त्यातली जुळणारी ठिकाणं फारच थोडी.

आता थोडं मागे जाऊ, कारण या सगळ्या पत्तेशोधाच्या आधीच एका बाईंनी तोतयाचा उपयोग शोधून ठेवला होता, तोही पत्ता न विचारता.

कातालिन कारिको हंगेरीच्या. १९८५ मध्ये अमेरिकेत आल्या, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एमआरएनएचं औषध करायचं म्हणून झटत राहिल्या. अनुदान मिळेना. १९९५ मध्ये त्यांचं पद खाली आणलं गेलं. काही वर्षांनी झेरॉक्स मशीनपाशी त्यांची गाठ ड्र्यू वाइसमन या प्रतिकारशास्त्रज्ञाशी पडली, आणि दोघं मिळून काम करू लागले. अडचण ही होती की प्रयोगशाळेत बनवलेला एमआरएनए पेशींना दिला की पेशी खवळायच्या. विषाणू आला समजून दाह सुरू. पण मग आपल्या शरीरात इतका आरएनए असतो, त्यावर पेशी का खवळत नाहीत?

त्यांनी वेगवेगळे आरएनए पेशींना देऊन पाहिले. जिवाणूंचा दिला, जोरदार प्रतिक्रिया. सस्तन प्राण्यांचा टीआरएनए दिला, जवळजवळ शांतता. टीआरएनए म्हणजे तोच, हॉलींनी वाचलेल्या जातीचा, जादाच्या अक्षरांनी सगळ्यात जास्त भरलेला. मग त्यांनी प्रयोगशाळेत आरएनए बनवतानाच साध्या अक्षरांऐवजी बदललेली अक्षरं घातली. स्यूडोयुरिडिन घातल्यावर पेशी शांत राहिल्या. हा निबंध २००५ मध्ये आला. २००८ मध्ये त्यांनी दाखवलं की अशा आरएनएपासून प्रथिनही जास्त बनतं. पुढे त्याचा सुधारित भाऊ, एक मिथाइल जास्त लागलेला एन-वन-मिथाइल-स्यूडोयुरिडिन, आणखी सरस निघाला. फायझर-बायोएनटेक आणि मॉडर्ना, दोघांच्याही कोविड लशीत सगळ्या यू च्या जागी हेच अक्षर आहे. दोन्हींची परिणामकारकता सुरुवातीच्या चाचण्यांत ९५ टक्क्यांच्या आसपास आली. जर्मनीच्या क्युअरव्हॅक कंपनीने न बदललेल्या अक्षरांची लस केली होती, तिची ४८ टक्के. ही तुलना पूर्ण न्याय्य नाही. क्युअरव्हॅकचा डोस कमी होता, आणि तोवर विषाणूचे नवे प्रकार आले होते. पण अक्षराचा वाटा त्यात असावा, असं अनेक तज्ज्ञांना वाटलं. २०२३ चं वैद्यकाचं नोबेल कारिको आणि वाइसमन यांना मिळालं.

याच वर्षी डिसेंबरमध्ये आणखी एक निबंध आला, तोही सांगायला हवा. या बदललेल्या अक्षरावर रायबोसोम कधीकधी घसरतो, एक अक्षर पुढे सरकून वाचायला लागतो आणि थोडं चुकीचं प्रथिन बनतं. त्यामुळे कुणाला अपाय झाल्याचं दिसलं नाही, आणि जिथे घसरण होते ते शब्द बदलून लिहिले तर ती कमी करता येते. व्हॉट्सअ‍ॅपवर हा निबंध फार वेगळ्या रूपात फिरला, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आपल्यापैकी बहुतेकांनी घेतली ती पुण्याच्या सीरमची कोविशिल्ड. ती एमआरएनए लस नाही. तिच्यात निरुपद्रवी केलेल्या विषाणूतून डीएनए आत जातो आणि एमआरएनए आपली पेशी स्वतः बनवते. पुण्यातच जिनोव्हा कंपनीने एमआरएनए लस बनवली, तिला २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. तिचा आरएनए पेशीत गेल्यावर स्वतःच्या प्रती काढतो. अशा लशीत बदललेलं अक्षर घालून फायदा मर्यादितच, कारण पेशीतल्या पुढच्या प्रती तिथल्या साध्या यू नेच निघणार. नकलेत खूण उतरत नाही, हा जुना नियम इथेही लागू.

मग नक्कल न काढता मूळ कागदच वाचता आला तर? २०१८ मध्ये ऑक्सफर्ड नॅनोपोअर कंपनीच्या गटाने ते करून दाखवलं. एका पडद्यात प्रथिनाचं अतिसूक्ष्म भोक, त्यातून वीजप्रवाह. आरएनएचा धागा त्या भोकातून सुईत दोरा ओवावा तसा सरकतो, आणि प्रत्येक अक्षरागणिक प्रवाह किंचित बदलतो. बदललेलं अक्षर आलं तर बदलही वेगळा. नक्कल करणारं एन्झाइम नको, अँटीबॉडी नको. सुरुवातीला चुका भरपूर होत्या, अजूनही आहेत, पण कमी होत चालल्यात.

अडून बसलंय ते शिकवणीवर. यंत्राला तोतया ओळखायला शिकवायचा तर आधी असा आरएनए हवा ज्यात तोतया नेमका कुठे आहे हे आपल्याला पक्कं माहीत आहे. तो रासायनिक पद्धतीने अक्षर-अक्षर जोडून बनवावा लागतो. महाग काम, आणि लांब धागे बनवणं अवघड. २०२४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनी आरएनए आणि त्यावरच्या सगळ्या खुणा वाचण्यासाठी मानवी जीनोम प्रकल्पासारखा मोठा कार्यक्रम हवा, असा अहवाल दिला. त्यातही असे प्रमाणित नमुने तयार करण्यावर भर आहे. एम-सिक्स-ए, स्यूडोयुरिडिन आणि आणखी थोडी अक्षरं यंत्रं आज बऱ्यापैकी ओळखतात. यादीत जाती आहेत १७० हून जास्त.

पुढच्या भागात रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजची गोष्ट, आणि टेमिन यांचं म्हणणं अनेकांना सुरुवातीला का पटलं नव्हतं ते. भेटू!